भांड्यांना विचारा

मुरलीधर खटावकरांनी उभ्या जन्मात स्वतःच्या मनातलं असं एक वाक्य लिहिलं नव्हतं, पण सोनवडे तालुक्यात त्यांच्याइतकं लिहिलेला माणूस दुसरा नव्हता. तहसील कचेरीसमोर त्यांचं 'अक्षर सेवा केंद्र' तीस वर्षं उभं होतं. उत्पन्नाचे दाखले, वारसनोंदी, रेशनकार्डावर नाव चढवणं-उतरवणं हे तर होतंच. पण घरोघर मोबाइल आले आणि मराठीत टाइप करायचं म्हटलं की लोकांची बोटं अडखळायला लागली, तेव्हा मंडळी त्यांच्याकडे पोस्टीसुद्धा लिहून घ्यायला येऊ लागली. कुणाच्या चुलत्याला श्रद्धांजली, कुणाच्या साहेबांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुणाचा भावकीवर राग.

"काय लिहू?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "तुमीच लिवा की, मुरलीभाऊ. तुमाला म्हाईत हाय समदं."

मग मुरलीभाऊ लिहायचे. एखाद्या फॉर्मवर सही राहिली तर तीही तेच ठोकून द्यायचे, कारण माणूस एवढ्या लांबून पुन्हा कधी येणार? लोक उलट दुवा द्यायचे. दुसऱ्याचा रकाना आपण भरला यात काही वावगं आहे असं सोनवड्यात कुणालाच वाटत नसे, आणि मुरलीधरांना तर नाहीच. मजकुराच्या खरेपणाबद्दल त्यांचं एकच तत्त्व होतं : "आपण टायपिंगवाले. खरं-खोटं गिऱ्हाइकाचं."

मग 'साठवण' आली.

सुरुवातीला तिच्यामागचा हेतू भलाच होता. विद्यापीठातले भाषेचे लोक आणि संगणकाचे लोक एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं की समाजमाध्यमांवर मराठी माणसांनी उघडपणे जे काही लिहिलं ते सगळं जपून ठेवायचं. पुढच्या पिढ्यांना कळू दे, हे लोक कशावर हसत होते आणि कशावर भांडत होते. प्रत्येक पोस्ट, तिच्याखालची प्रत्येक टिप्पणी साठवणीत गेली. लोकांनी लाजून पुसून टाकलेलीसुद्धा गेली, कारण पुसण्याआधी तिची नक्कल कुठल्या ना कुठल्या यंत्रावर झालेलीच असे. इथपर्यंत ठीक होतं. पण एवढं धान्य कोठारात पडल्यावर ते दळून बघायची हौस कुणाला नसते?

माणूस काय लिहितो ते रोज बदलतं, पण कसं लिहितो ते सहसा बदलत नाही, या एका गोष्टीवर साठवणीचं सगळं विश्लेषण उभं होतं. वाक्य किती लांबवतो, 'पण' आणि 'तर' कुठे पेरतो, टोमणा आधी मारतो की शेवटासाठी राखून ठेवतो, रागावला की वाक्यं तोडतो की पसरतो. अशा आठशे सवयी मोजल्या की प्रत्येक लिहिणारा एका मोठ्या नकाशावरचा एक ठिपका होतो. दोन मजकुरांचे ठिपके अगदी शेजारी पडले तर लिहिणारा हात एकच. जिन्यावरच्या पावलांवरून आई ओळखते ना कोण आलं ते, तसंच हे. टोपणनाव घ्या, खोटं खातं काढा, पाऊल तेच वाजतं. वयाचाही विचार त्यात होता. चौदाव्या वर्षीचा ठिपका सत्ताविसाव्या वर्षी साधारण कुठे सरकतो, हे साठवण लाखो माणसांच्या लिखाणावरून शिकली होती. याला ती 'ठसा' म्हणायची.

पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. नोकरी देणारे ठसा मागू लागले, पक्ष तिकीट देताना मागू लागले, आणि पाच-सहा वर्षांत तो सोयरिकीत शिरला. पत्रिकेचे छत्तीसपैकी तीस गुण जुळले तरी साठवणीच्या अहवालावाचून सुपारी फुटेना. मुलगा टोपणनावाने बायकांच्या फोटोंखाली काय लिहीत होता, मुलगी कॉलेजात असताना कुणाशी काय बोलत होती, सगळं चार पानांत. ज्यांनी स्वतःच्या नावाने फारसं काही लिहिलेलं नसे, त्यांना केंद्रात येऊन नमुना द्यावा लागे. कुणाची मदत न घेता, समोर बसून, तीनशे शब्द. शेवटी अंगठा.

अशा केंद्राची मान्यता तालुक्यात मुरलीधरांकडेच होती.

*

नमुना द्यायला ईश्वरी शनिवारी कराडहून आली. एकुलती एक लेक, तिथल्या माती-परीक्षण प्रयोगशाळेत नोकरीला. शेतकऱ्यांच्या मातीच्या पिशव्या घेऊन येणाऱ्या ऋतुराज माने नावाच्या मुलाशी तिचं जमलं होतं. मुलाच्या आईला ती पसंत होती, आईच्या आईला पसंत होती. फक्त मुलाचे मामा, विलासराव, रीतीला धरून होते. "अहवाल आला की साखरपुडा," असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

"तीनशेच शब्द लागतात," मुरलीधर खुर्ची पुसत म्हणाले, "पण हात आखडू नकोस. तुझ्या हातात सरस्वती आहे. बघू दे त्या मामांना."

"कशावर लिहू?"

"कशावरही. लोक आईवर लिहितात, गाईवर लिहितात."

तिने कळफलक जवळ ओढला. मग म्हणाली, "पप्पा, एकदा दिलं की मागे घेता येत नाही ना?"

"अठ्ठेचाळीस तासांनी कायम होतं. मग ब्रह्मदेव खाली आला तरी नाही."

"बरं," ती म्हणाली आणि लिहायला लागली. मध्ये एकदाही थांबली नाही. अंगठा दिला, तांब्याभर पाणी प्यायली आणि घरी गेली. आईने तिच्यासाठी थालीपीठ लावलं होतं. ते तिने अर्धं टाकलं आणि साडेचारच्या एसटीने परत गेली. लग्नाची धास्ती असणार, मुरलीधरांना वाटलं.

ती केंद्रातून निघताच, बाराच्या सुमाराला, त्यांनी नमुना वाचला होता. वाचायचा नसतो, पण बापाला कोण अडवणार? पोरीने होणाऱ्या सासूच्या आमटीवर लिहिलं होतं. "काकूंच्या आमटीत काय पडतं ते त्या कुणालाही सांगतात. मसाल्याचा डबा उघडून समोर ठेवतात. लपवावं असं त्यांच्या घरात कधी काही नव्हतंच. जे नव्हतं ते शोधून काढायचं काम दुसऱ्यांनी केलं."

मुरलीधरांना शेवटचं वाक्य नीटसं कळलं नाही, पण त्याची ऐट आवडली. याला म्हणतात लिहिणं, असं म्हणून त्यांनी कळ दाबली.

रविवारी सकाळी त्यांनी केंद्र उघडलं तेव्हा पडद्यावर लाल चौकट होती.

जुळणी : एकेचाळीस पोस्टी. खातं : 'जागता सोनवडेकर'. काळ : तेरा वर्षांपूर्वीची नगरपंचायत निवडणूक. खात्री : शहाण्णव टक्के. खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. या लेखनाच्या लेखकाबाबत एक शोध-अर्ज प्रलंबित आहे. नमुना कायम होताच अर्जदारास आपोआप कळवले जाईल. अर्जदार : रेखा संभाजी माने.



*

रेखा माने म्हणजे ऋतुराजची आई. तेरा वर्षांपूर्वी सोनवड्यात त्यांची खानावळ होती. नवरा गेल्यावर एकटीने चालवलेली. कचेरीतले कारकून आणि बाहेरगावची कॉलेजची पोरं तिथे जेवायची. त्या बाईने निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं. उमेदवारी अर्ज भरायला ती 'अक्षर'मध्येच आली. "चुकू देऊ नका हं, मुरलीभाऊ," म्हणाली, आणि अर्ज मंजूर झाल्यावर पुरणपोळ्यांचा डबा धाडला. खटावकरांच्या घरी तिघांनी तो मिटक्या मारत खाल्ला.

त्याच आठवड्यात तिच्याविरुद्ध उभ्या असलेल्या बापूसाहेबांचा माणूस आला. "त्या खानावळवालीबद्दल जरा झोंबंल असं टाका की काहीतरी. नाव नको आपलं."

मुरलीधरांना शासकीय मराठी यायची, झोंबणारी नाही. शाळा सुटल्यावर ईश्वरी केंद्रात बसायची. चौदा वर्षांची, निबंधात जिल्ह्यात पहिली. त्यांनी तिला सांगितलं. तिने आधी एकच विचारलं होतं, "पप्पा, हे खरं आहे का?"

"आपण टायपिंगवाले," ते म्हणाले होते. "खरं-खोटं गिऱ्हाइकाचं. तू झोंबेल असं लिही म्हणजे झालं."

तिने लिहिलं. एकेचाळीस पोस्टी. त्यातली एकच गावाच्या जिभेवर बसली : "रेखाताईंच्या खानावळीत रात्री भांडी कोण घासतं, ते आम्हाला कसं ठाऊक असणार? भांड्यांना विचारा."

बस्स. यात एक शिवी नाही, एक आरोप नाही, कोर्टात उभं राहील असं काही नाही. चार दिवसांत खानावळीच्या भिंतीवर ते खडूने लिहिलं गेलं. पोरं ऋतुराजला बघून शाळेत डबे वाजवायची. प्रचाराला निघालेल्या बाईच्या मागून कुणीतरी ओरडायचं, "भांड्यांना विचारा!" आणि अख्खा बाजार फिदीफिदी हसायचा. मुरलीधरही हसले होते. बापूसाहेबांच्या माणसाला त्यांनी ऐटीत सांगितलं होतं, "डोकं आमच्या पोरीचं बरं का." बाई पडली. तीन महिन्यांत खानावळीला कुलूप लागलं आणि मायलेक सोनवडं सोडून गेली. ईश्वरीने ते खातं बंद केलं आणि पुन्हा केंद्राच्या पायरीवर पाऊल ठेवलं नाही. दहावीचं वर्ष आहे, असं ती म्हणाली. मुरलीधरांना ते पटलंही. न पटून कुठे जातं, सोयीचं होतं.

सोयरिकीची बोलणी करायला कराडला गेले तेव्हा रेखाताईंनी दारातच ओळखलं होतं. "मुरलीभाऊ ना? माझा अर्ज तुम्हीच भरला होता. एक रकाना चुकला नव्हता." मुरलीधरांनी चोरून बघितलं, पण बाईच्या डोळ्यांत संशय नव्हता. जेवणं झाली. ईश्वरी सगळ्यांच्या आधी उठली आणि ताटं गोळा करून मोरीत जाऊन बसली.

"बघा, दर वेळी हेच," रेखाताई कौतुकाने म्हणाल्या. "मला भांड्याला हात लावू देत नाही. सांगून ऐकत नाही."

"संस्कार आहेत," मुरलीधर म्हणाले होते.

मग विषयातून विषय निघाला आणि बाई बोलून गेल्या, "मी साठवणीत अर्ज टाकून ठेवलाय. कोण होता तो, कधीतरी कळेलच. मला काही खटला भरायचा नाही. समोर उभं करून एकदाच विचारायचंय, बाबा रे, मी तुझं काय घोडं मारलं होतं?" मोरीत भांड्यांचा आवाज थांबला होता. मुरलीधरांनी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं.

*

आता रविवार सकाळ होती, आणि सोमवारी दुपारी बाराला नमुना कायम होणार होता.

पहिला विचार त्यांच्या मनात आला तो बरा होता, एवढं त्यांच्या पदरात टाकायला हवं. साठवणीत स्वीकारपत्राची सोय होती. दुसऱ्या कुणी पुढे येऊन 'हे मी लिहिलं' असं कबूल केलं आणि त्याचा नमुना जुळला, तर नोंद त्याच्या नावावर जाते. मुरलीधरांनी केंद्राचं दार आतून लावलं. स्वतःचा अंगठा दिला. म्हटलं, झोंबणारं म्हणजे काय एवढं? पोरगी लिहू शकते तर बाप का नाही?

दोन तास घाम गाळून त्यांनी लिहिलं : "उपरोक्त खानावळीत रात्रीच्या वेळी संशयास्पद हालचाली आढळून येत असून सदर बाबतीत सखोल चौकशी होणे गरजेचे आहे." पुढेही तसंच, तीनशे शब्द. साठवणीने दोन मिनिटांत निकाल दिला. जुळणी : तीन टक्के. खाली शेराही होता. लेखनशैली : शासकीय.

तीस वर्षं दुसऱ्यांच्या नावाने लिहिलेल्या माणसाला एकदा स्वतःच्या नावावर पाप घ्यायचं होतं, आणि तेवढंही त्याला लिहिता आलं नाही. पोरीला फोन करावा असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. मोबाइल हातात घेतलाही. पण काय सांगणार? तिच्या लक्षात तरी असेल का ते? बिचारीला आत्ता कुठे सुख दिसतंय. त्यात हे विष कशाला कालवायचं? फॉर्म अडला की मुरलीभाऊ गिऱ्हाइकाला त्रास देत नसत. स्वतःच काहीतरी करून टाकत. त्यांनी मोबाइल खाली ठेवला.

केंद्रचालकाला एक अधिकार होता. तांत्रिक बिघाड झाला असं नोंदवून, मुदतीच्या आत नमुना रद्द करायचा आणि कागदावर लिहून घेतलेला मजकूर पुन्हा चढवायचा. अंगठा आधीचाच चालतो. वीज जाणाऱ्या गावांसाठी केलेली सोय. फक्त मजकूर अशा हाताचा हवा, ज्याने जन्मात कुठे काही लिहिलेलं नाही.

असा हात घरातच होता.

"कुसुम," ते घरी जाऊन बायकोला म्हणाले, "ईश्वरीबद्दल चार शब्द लिहून दे. लग्नाच्या पुस्तिकेत छापायचेत."

"मला मेलीला काय लिहिता येतंय? तुम्हीच लिहा की."

"नाही. तूच लिही."

कुसुमताई ओट्याला टेकून, पेन्सिलीने, मध्येच हसत आणि मध्येच डोळे पुसत तासभर लिहीत बसल्या. सोमवारी सकाळी मुरलीधरांनी तो कागद समोर ठेवला आणि 'ईश्वरी' होतं तिथे 'मी' घालत टाइप करायला घेतलं. "मी लहानपणी खोटं बोलले की मला ताप यायचा. डॉक्टरचं औषध लागू पडायचं नाही. आईच्या कुशीत खरं सांगून टाकलं की सकाळी उतरायचा. अजून माझा स्वभाव तसाच आहे." टायपिंगवाल्याची बोटं, अक्षरं उमटत होती, अर्थ डोक्यात शिरत नव्हता. पावणेबाराला त्यांनी कळ दाबली. लाल चौकट गेली.

संध्याकाळी अहवाल आला. एका शब्दात : निर्मळ.

विलासरावांचा फोन खुशीत होता. "अहो, तुमची पोरगी भलतीच पोक्त! लिहिणाराचं अंदाजे वय बावन्न दाखवतंय यंत्र! म्हटलं, भाच्याला सांभाळून घेणारी मिळाली."

"हॅ हॅ," मुरलीधर हसले. आणि त्यांनी लगेच तारखेचा विषय काढला.

ईश्वरीने अहवालाची आपली प्रत मागितलीच नाही. त्यांनाही ते बरंच वाटलं. बुधवारी तिचा फोन आला. ती रडत होती की हसत होती, कळत नव्हतं.

"पप्पा, काल काकूंकडे गेले होते. अहवाल पोचलाय त्यांना."

"मग?"

"काहीच बोलल्या नाहीत हो त्या. जेवायला वाढलं. भातावर तूप घातलं, पुन्हा घातलं. म्हणाल्या, माझ्या मनातलं सगळं किल्मिष गेलं बघ."

"मग दुसरं काय बोलणार? अहवालच तसा आहे."

"खरंच," ती म्हणाली. "माणूस इतका मोठा असू शकतो, मला माहीत नव्हतं."

मुरलीधरांना वाटलं, पोरगी लग्नाच्या आनंदात काहीबाही बोलतेय. त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले. आपण पोरीचा संसार वाचवला, एवढं समाधान बापाला पुरतं.

*

लग्न कराडला झालं, कार्यालयात, दुपारी बारा पस्तीसच्या मुहूर्तावर. अक्षता पडल्या, पहिली पंगत उठली आणि बायकांनी सूनमुखाची घाई केली. सासूने सुनेचं मुख आरशात बघायचं, तिच्या तोंडात साखर घालायची, की झाली ती घरची. रेखाताई पाटावर बसल्या, शेजारी ईश्वरी. आरसा धरायला कुणाचे हात मोकळे नव्हते.

"व्याही, धरा जरा," कुणीतरी म्हणालं, आणि पितळी चौकटीचा आरसा मुरलीधरांच्या हातात आला. त्यांनी तो दोघींसमोर धरला. ते आरशामागे होते, त्यांना दोघींचे खरे चेहरे दिसत होते.

रेखाताईंनी चिमूटभर साखर उचलली. आरशात बघून त्या हसल्या. ईश्वरीच्या डोळ्यांतून एकदम पाणी वाहायला लागलं.

"अगं, रडतेस काय वेडे?"

"आई," ती म्हणाली. काकू नाही, आई. "सगळं कळूनही तुम्ही मला पदरात घेतलंत. एका शब्दानं विचारलं नाहीत. मी जन्मभर विसरणार नाही."

"काय कळूनही?"

"ते... अहवालातलं."

"अहवालात काय होतं?" रेखाताई अजून हसतच होत्या. "निर्मळ होता की. मी चारचौघींना वाचून दाखवला."

ईश्वरीने आरशातून नजर काढली आणि वर बघितलं. मुरलीधरांनी तिच्याकडे बघून अगदी किंचित मान हलवली. गप्प राहा. फॉर्म मंजूर झालाय, आता काही बोलू नकोस. तिने त्यांच्या चेहऱ्यावर सगळं वाचलं. लिहिणारीच ती, वाचायला तिला कितीसा वेळ लागणार.

ती 'काही नाही' म्हणाली असती तर तिथेच संपलं असतं. मुरलीधर मनात देवाचा धावा करत होते, म्हण, काही नाही म्हण.

"आई," ईश्वरी म्हणाली, "ते भांड्यांचं मी लिहिलं होतं. चौदा वर्षांची होते. मला तोंडानं सांगता येत नव्हतं, दहा वेळा दारापर्यंत येऊन परत गेले. म्हणून नमुन्यात मनापासून लिहिलं. म्हटलं, यंत्रच सांगेल, आणि मग तुम्ही काय ते ठरवाल."

आजूबाजूच्या बायकांचा गलका चालूच होता. फोटोग्राफर म्हणत होता, "ताई, आरशात बघा, हसा जरा." रेखाताईंच्या चिमटीतली साखर तशीच होती. त्यांनी ती हळूच परत वाटीत सोडली आणि बोटं पदराला पुसली.

"म्हणून तू भांडी घासायचीस होय," त्या म्हणाल्या. "आणि मी गावभर सांगत सुटले."

मग त्यांनी आरशावरून मुरलीधरांकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर बरं झालं असतं.

"मुरलीभाऊ, पोर तेव्हा चौदा वर्षांची होती. तिला खुर्चीवर कुणी बसवलं, ते मी विचारत नाही. पण ही सांगायला निघाली होती हो. आणि मी... मला वाटतं, मी केलं असतं माफ. रडले असते, चार दिवस बोलले नसते, पण केलं असतं. आता काय सांगावं? तेव्हाही माझा फॉर्म तुम्हीच भरलात, आताही तुम्हीच भरून टाकलात. तेवढा एक रकाना तरी माझा मला भरू द्यायचा होता."



रेखाताई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "चला, दुसरी पंगत खोळंबलीय," असं कुणालाच उद्देशून न म्हणता त्या वाढप्यांकडे निघून गेल्या. साखरेची वाटी पाटाजवळ तशीच राहिली.

ईश्वरी खाली मान घालून बसली होती. मुंडावळ्या तिच्या गालाला चिकटल्या होत्या. ती म्हणाली, आवाज चढवला नाही, नुसतं म्हणाली, "एकदा मला विचारायचं तरी, पप्पा."

मुरलीधर आरसा धरून उभे होते. तो कुठे ठेवायचा, हेही त्यांना कुणी सांगत नव्हतं.